राष्ट्राध्यक्षांची कंबर

आमच्या गावातल्या एका वकिलांच्या दिवाणखान्यात दोन तसबिरी शेजारीशेजारी लावलेल्या होत्या. एक पंडित नेहरूंची आणि दुसरी जॉन फिट्झगेरल्ड केनेडींची. केनेडी गेले ते १९६३ साली. तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो, त्यामुळे त्यांच्या हत्येची बातमी ऐकल्याची आठवण वगैरे माझ्यापाशी नाही. पण ती तसबीर मात्र मी मोठा होईपर्यंत पाहत आलो. भरघोस केस, उघडं कपाळ, गालावर हसू आणि ताठ मान. पुढारी म्हणजे पिकल्या केसांचा, काठी टेकत चालणारा माणूस, ही आम्हा मुलांची समजूत त्या तसबिरीने मोडीत काढली होती. शिडाच्या होडीत, समुद्रकिनाऱ्यावर, मुलांशी खेळताना अशी त्यांची छायाचित्रं जगभर गेली. अमेरिकेने निवडून दिलेला सर्वांत तरुण राष्ट्राध्यक्ष, वय अवघं ४३.

आणि हा तरुण माणूस वाईट दिवसांत डाव्या पायात मोजा चढवायलासुद्धा वाकू शकत नव्हता.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळली तीही माझ्या स्वतःच्या कंबरेमुळे. तीस-बत्तीस वर्षं बँकेच्या खुर्चीत बसून जी कंबर माणसाला लाभते, ती मलाही लाभली. निवृत्तीनंतर एकदा उसण भरली ती तीन आठवडे उतरेना, तेव्हा एमआरआय काढला. अहवालाचं एक पान. चौथ्या आणि पाचव्या मणक्यातली गादी सुकलेली, तिला फुगवटा आलेला, मज्जातंतूच्या वाटेवर थोडा दाब, मणक्याच्या मागच्या सांध्यांची झीज, आणि शेवटी डिजनरेटिव्ह म्हणजे ऱ्हासाचे बदल असं मोघम वाक्य. ऱ्हास हा शब्द आपण साम्राज्यांच्या बाबतीत वापरतो. तो स्वतःच्या कंबरेबद्दल वाचला की माणूस हादरतो. मी घाबरून पुस्तकं आणि लेख वाचायला लागलो, आणि वाचता वाचता केनेडींपाशी पोचलो. कारण कंबरेच्या दुखण्याचा इतका सविस्तर, इतका कागदोपत्री इतिहास असलेला दुसरा प्रसिद्ध माणूस विरळाच. २००२ साली इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना केनेडींचे वैद्यकीय कागद पाहायला मिळाले. २०१७ साली दोन अमेरिकी शल्यवैद्यांनी, पेट आणि डाउडी यांनी, मज्जाशल्याच्या एका नामांकित नियतकालिकात केवळ केनेडींच्या पाठीवर दीर्घ लेख लिहिला. माणूस जाऊन अर्धशतक उलटलं, तरी त्याची पाठ अजून शल्यवैद्यांच्या टेबलावर आहे.

बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये २९ मे १९१७ रोजी जॅकचा जन्म झाला. बाप जोसेफ केनेडी गडगंज श्रीमंत आणि तितकाच महत्त्वाकांक्षी. नऊ भावंडं, त्यांतला हा दुसरा. थोरला जो हा बापाच्या मनातला वारस, धट्टाकट्टा, हुशार. जॅक मात्र सदाचा आजारी. तीन वर्षांचा होण्याआधीच स्कार्लेट ज्वराने त्याला मरणाच्या दारात नेऊन आणलं. पुढे वसतिगृहाच्या शाळेत पोटाचं दुखणं मागे लागलं. वजन वाढेना, तपासण्या संपेनात. १९३४ च्या उन्हाळ्यात सतरा वर्षांच्या या मुलाला मेयो क्लिनिकमध्ये तपासणीसाठी नेलं. पण घरात रडगाण्याला मुभा नव्हती. केनेडींच्या घरात मुलांनी जिंकायचं असतं, कण्हायचं नसतं, हा बापाचा दंडक. आपल्याकडेही अशी घरं काही कमी नाहीत.

त्याच १९३४ साली, त्यांच्याच बोस्टन शहरात, वैद्यकशास्त्रात एक मोठी घटना घडली. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातले मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं की पायात कळा जाणाऱ्या कित्येक रोग्यांमध्ये दोष मणक्यांमधल्या गादीत असतो. गादी फुटते, तिचा आतला मऊ भाग बाहेर येतो आणि मज्जातंतूवर दाबतो. त्याआधी शस्त्रक्रियेत असा गोळा सापडला की तो कूर्चेची गाठ समजला जायचा. आता कारण कळलं, उपाय कळला: गोळा काढा, रोगी मोकळा. कारण इतकं सोपं आणि उपाय इतका थेट, म्हटल्यावर पुढची कित्येक वर्षं कंबर दुखली की संशय गादीवर जायचा, आणि संशय आला की सुरी बाहेर यायची. केनेडींची कंबर नेमकी त्या लाटेत सापडली.

हार्वर्डमध्ये शिकताना १९३७ च्या सुमारास फुटबॉल खेळताना जॅकच्या पाठीला दुखापत झाली, असं त्यांच्या चरित्रांतून सांगितलं जातं. पुढे टेनिस खेळतानाही एकदा चमक भरली. एका आघाताने हे सारं सुरू झालं की मुळातच पाठ नाजूक होती, याचा निवाडा आता कोण करणार? १९४१ साली युद्धाचे ढग दाटलेले होते आणि तरुणांची लष्करात भरती चालू होती. जॅक आधी लष्कराच्या आणि मग नौदलाच्या वैद्यकीय परीक्षेला बसला. दोन्हीकडे नापास. श्रीमंतांची मुलं खोटे दाखले आणून लष्कर टाळतात, हे आपण ऐकलेलं असतं. इथे उलटाच प्रकार. बापाची ओळख वापरून, नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन कर्क यांच्यामार्फत, या मुलाने आपली दुखरी कंबर नौदलात घुसवली. मी बँकेत पुष्कळ वशिले पाहिले. मरणाच्या दिशेने लावलेला वशिला हा एवढाच.

त्यातही त्याने निवडल्या पीटी बोटी. लाकडी, ऐंशी फुटी, पाण्यावर आपटत धावणाऱ्या. धडधाकट माणसाची कंबर ज्या बोटीत खिळखिळी व्हावी, त्या बोटीचं नेतृत्व त्याने मागून घेतलं. २ ऑगस्ट १९४३ च्या काळोख्या पहाटे सॉलोमन बेटांजवळ ‘अमागिरी’ या जपानी विनाशिकेने त्याची पीटी-१०९ बोट मधोमध चिरली. तेरा जणांपैकी दोघे गेले. उरलेले अकरा जण तरंगत्या सांगाड्याला धरून राहिले, आणि दुपारी तोही बुडेल असं दिसल्यावर साडेतीन मैलांवरच्या एका चिमुकल्या बेटाकडे पोहत निघाले. मॅकमॅहन नावाचा खलाशी भयंकर भाजला होता. त्याच्या तरंगजाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडींनी त्याला ओढत नेलं. चार तास. त्या रात्री ते पुन्हा एकटे समुद्रात उतरले, एखादी आपली बोट दिसते का ते पाहायला. शेवटी बियुकू गासा आणि एरोनी कुमाना या दोन बेटवासी तरुणांच्या हाती नारळाच्या करवंटीवर कोरलेला निरोप गेला आणि ८ ऑगस्टला सगळ्यांची सुटका झाली.

या पराक्रमाने केनेडींना पदक मिळालं, पुढे मतंही मिळाली. कंबरेला काय मिळालं ते हळूहळू कळत गेलं. १९४४ साली त्यांना उभं राहणं, बसणं अवघड होऊ लागलं. डाव्या पायात कळ जाई. २३ जून १९४४ रोजी बोस्टनच्या न्यू इंग्लंड बॅप्टिस्ट रुग्णालयात डॉ. जेम्स पॉपेन यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. वय सत्तावीस.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या कहाणीचं मूळ या शस्त्रक्रियेत आहे. फुटलेली गादी बाहेर आलेली असणार, ती मज्जातंतूवर दाबत असणार, या हिशेबाने पाठ उघडली. आत सापडलं ते वेगळंच. बाहेर आलेला भाग अगदीच थोडा होता. गादी मात्र विलक्षण मऊ झालेली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या तंतुमय कूर्चेत ऱ्हास दिसला. थोडक्यात, काढून टाकावा असा ठळक गुन्हेगार तिथे नव्हता. झिजलेली गादी होती, आणि झिजलेली गादी काढून टाकण्याने कंबर दुखायची थांबतेच असं नाही. केनेडींची थांबली नाही. शस्त्रक्रियेनंतर पाठीचे स्नायू इतके आखडू लागले की उभं राहिलं की प्राण कंठाशी येत. ते रुग्णालयात पडून असतानाच १२ ऑगस्टला थोरला भाऊ जो विमानस्फोटात मारला गेला. बापाने थोरल्यासाठी बांधलेली सगळी स्वप्नं त्या दिवशी धाकट्याच्या दुखऱ्या पाठीवर येऊन पडली.

पाठ उघडण्याआधी आत काय आहे ते त्या डॉक्टरांना का दिसलं नाही? कारण पाहण्याचं साधनच नव्हतं. साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसतं, गादी दिसत नाही. दोन मणक्यांमध्ये नुसती मोकळी जागा दिसते. फार तर मज्जारज्जूभोवतीच्या पोकळीत सुईने काहीतरी भरून चित्र काढायचं आणि त्या सावलीवरून अंदाज बांधायचा. चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने शरीराच्या आतलं चित्र काढता येतं, हे पॉल लॉटरबर यांनी प्रसिद्ध केलं १९७३ साली. केनेडींना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

एमआरआय मुळात पाण्याचं चित्र काढतो म्हटलं तरी चालेल. पाण्यातल्या हायड्रोजनच्या कणांना मोठ्या चुंबकात ठेवून, रेडिओलहरींनी डिवचून, त्यांच्याकडून येणारा प्रतिसाद टिपायचा. तरुणपणी मणक्याच्या गादीच्या गाभ्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्यामुळे एका विशिष्ट पद्धतीच्या चित्रात निरोगी गादी पांढरी, टपोरी दिसते. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. ती शेजारच्या हाडातून झिरपणाऱ्या पोषणावर जगते. वय वाढलं की पाणी कमी होतं, गादी चित्रात करडी आणि मग काळी दिसते, तिची उंची घटते, कडा बाहेर फुगतात, वेष्टनाला चिरा जातात. गादीला लागून असलेल्या हाडातही बदल होतात. त्यांचं वर्गीकरण १९८८ साली मोडिक यांनी केलं, ते अजून त्यांच्याच नावाने चालतं. गादी किती सुकली याच्या एक ते पाच अशा पायऱ्या २००१ साली फिर्मान यांनी ठरवून दिल्या. कंबरेत पाच मणके. त्यांतही चौथ्या-पाचव्यामधली आणि पाचव्याच्या खालची या दोन गाद्या सगळ्यांत आधी झिजतात, कारण अंगाचा भार आणि वाकण्याचा ताण तिथेच येतो. केनेडींच्या पाठीत शल्यवैद्य पोचले होते ते याच दोन जागी.

मग आज केनेडी असते, एमआरआय काढला असता, तर सगळं सुतासारखं सरळ झालं असतं का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण याबाबतचे आकडे वाचले आणि बँकेतल्या माणसाला आकड्यांपुढे मान झुकवावीच लागते. १९९४ साली अमेरिकेत अशा ९८ माणसांचा एमआरआय काढला, ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती. त्यांतल्या ५२ टक्के लोकांमध्ये निदान एका गादीला फुगवटा होता. २७ टक्के लोकांमध्ये गादी एका जागी पुढे आलेली होती. गादी खऱ्या अर्थाने बाहेर पडलेली अशी मंडळी मात्र एक टक्का. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांतल्या ३,११० वेदनारहित माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हा दिसलं की विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आहेत. आणि या सगळ्यांना दुखणं काहीच नाही! केस पिकावेत तशा या गाद्या पिकतात.

बँकेत आम्ही कर्जदाराचा ताळेबंद पाहायचो. ताळेबंद म्हणजे ३१ मार्चच्या संध्याकाळची स्थिती. धंदा चालतो कसा, मालक झोपतो कसा, हे त्यात नसतं. काही चकचकीत ताळेबंदांमागे बुडालेले धंदे मी पाहिले, आणि काही रडक्या ताळेबंदांचे मालक हप्ता कधी चुकले नाहीत. एमआरआयचा अहवाल वाचताना ही सवय मला उपयोगी पडली. पायातली ताकद जायला लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप आणि वजनातली घट सोबत असली, कर्करोगाचा पूर्वेतिहास असला, तर हाच एमआरआय जीव वाचवतो, आणि तो तातडीने काढावा, याबद्दल डॉक्टरांमध्ये दुमत नाही. एरवी चित्रातल्या डागाचा आणि रोग्याच्या कळेचा मेळ बसतो का, हे रोग्याला तपासूनच ठरतं. केनेडींची पाठ पहिल्यांदा उघडली तेव्हा चित्र नव्हतं. पण ठळक कारण सापडलं नाही हे कळल्यावरही सुरीवरचा विश्वास काही कमी झाला नाही, ही गोष्ट मला जास्त बोलकी वाटते.

युद्धातून परतलेले केनेडी १९४६ साली काँग्रेसवर निवडून आले. १९४७ साली लंडनला गेले असताना कोसळले, आणि तिथे ॲडिसनच्या विकाराचं निदान झालं. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काम करेनाशा होतात, रक्तदाब खाली जातो, साधा संसर्गही जिवावर बेततो. परतताना बोटीवर धर्मगुरूंना बोलावून त्यांच्यावर अंत्यसंस्कारापूर्वीचा विधीही करण्यात आला. मांडीत औषधाच्या गोळ्या पेरून आणि पुढे कॉर्टिझोन घेऊन ते जगले. १९५१ साली भाऊ रॉबर्ट आणि बहीण पॅट्रिशिया यांना घेऊन ते आशियाच्या दौऱ्यावर निघाले, दिल्लीला नेहरूंना भेटले, आणि तोच दौरा पुढे ओकिनावात १०६ अंश तापावर अडला. आमच्या वकिलांच्या भिंतीवरचे ते दोघे पहिल्यांदा भेटले ते असे.

१९५२ साली सिनेटवर निवड, १९५३ साली जॅकलीनशी लग्न. फोटोंमधून स्वर्ग दोन बोटं उरलेला. प्रत्यक्षात १९५४ साल उजाडेपर्यंत काखेत कुबड्या आल्या होत्या. सभागृहाच्या दारापर्यंत कुबड्यांवर यायचं, दाराशी त्या सोबत्याच्या हाती द्यायच्या आणि ताठ चालत आत जायचं, असा शिरस्ता. मतदारांपुढे दुबळेपणा दाखवायचा नाही, एवढं घरच्या शिकवणुकीने पक्कं केलेलं.

डॉक्टरांनी आता मणके एकमेकांना जोडून टाकायची शस्त्रक्रिया सुचवली. ॲडिसनच्या रोग्यावर एवढी मोठी शस्त्रक्रिया म्हणजे त्या काळात जुगार होता. नकार देणारेही डॉक्टर होते. केनेडींनी होकार दिला. उरलेलं आयुष्य कुबड्यांवर काढण्यापेक्षा मरण पत्करलं, असा त्यांचा पवित्रा. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत तीनदा पुढे ढकलून २१ ऑक्टोबर १९५४ रोजी डॉ. फिलिप विल्सन यांनी तीन तासांहून अधिक चाललेली शस्त्रक्रिया केली आणि कंबरेच्या तळाशी धातूची पट्टी बसवली. तिसऱ्या दिवशी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. त्यातून बेशुद्धी. पुन्हा धर्मगुरू, पुन्हा तो विधी. वय सदतीस. माणूस पुन्हा उठला, पण डिसेंबरमध्ये स्ट्रेचरवरून फ्लोरिडाला नेताना जखम भरलेली नव्हती. ती भरेचना. फेब्रुवारी १९५५ मध्ये पुन्हा न्यूयॉर्क, पुन्हा पाठ उघडली आणि एवढा जीव धोक्यात घालून बसवलेली ती पट्टी काढून टाकली. जखमेची उघडी खाच धुऊन पट्टी बांधायला जॅकलीनबाई स्वतः शिकल्या. एरवी त्यांच्या टोप्यांची आणि पोशाखांची वर्णनं छापणाऱ्यांनी या गोष्टीकडे फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही.

या आजारपणात राजकारणही थांबलं नव्हतं. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने मॅकार्थी यांच्यावर ६७ विरुद्ध २२ मतांनी ठपका ठेवला. मॅकार्थी केनेडी घराण्याचे स्नेही. केनेडी रुग्णालयात होते, त्यांनी मत नोंदवलं नाही. खाटेवरून जोडीमत नोंदवता आलं असतं, असं त्यांचे टीकाकार पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहिले. कंबरेने त्यांना जन्मभर छळलं, पण त्या एका दिवशी ती सोयीची पडली, असं म्हणायला जागा आहे. याच अंथरुणावर पालथं-उताणं पडून ‘प्रोफाइल्स इन करेज’ हे पुस्तक आकाराला आलं. १९५६ साली छापलं, १९५७ साली त्याला पुलित्झर मिळालं. त्यात सहकारी सोरेन्सन यांचा हात किती, हा वाद जुना आहे. बहुतेक प्रकरणांचे पहिले मसुदे आपले होते, हे सोरेन्सन यांनीच २००८ साली सांगून टाकलं. कादंबरीकार म्हणून त्यावर मी बरंच बोलू शकेन, पण विषय कंबरेचा आहे.

१९५५ सालीच वैद्यकाच्या एका नियतकालिकात ॲडिसनच्या रोग्यांवरील शस्त्रक्रियांबद्दल एक लेख आला. त्यात नाव न देता सदतीस वर्षांच्या एका पुरुषाची हकिकत होती. तारखा जुळवल्या की तो कोण हे कळत होतं. १९६० च्या निवडणुकीत कोणी ते जुळवलं नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या गोटातून ॲडिसनचा विषय निघाला, तेव्हा केनेडींच्या माणसांनी शब्दांची कसरत करून तो फेटाळला. क्षयाने होणारा मूळचा ॲडिसन त्यांना नाही, असं काहीसं ते म्हणणं. अक्षरशः खरं, आणि तरीही दिशाभूल करणारं. कर्जाच्या अर्जात अशी भाषा दिसली की आम्ही ती फाइल बाजूला काढायचो. लोकांच्या मतांतला अंतिम फरक सव्वा लाखाहूनही कमी होता. खरी प्रकृती कळली असती तर अमेरिकेने निक्सन यांना निवडलं असतं का, या प्रश्नाने मला अस्वस्थ केलं आहे. मतदाराला ते कळायला हवं होतं, असंच माझं मत. आणि तरी क्यूबाच्या १९६२ च्या पेचप्रसंगात त्या खुर्चीत हाच माणूस होता हे बरं झालं, असंही वाटत राहतं. दोन्ही मतं एकत्र नांदत नाहीत, पण माझ्या डोक्यात नांदतात.

१९५५ च्या मे महिन्यात केनेडींना डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल भेटल्या. त्यांनी सुरी उचलली नाही. त्यांनी त्यांना उभं करून, चालवून पाहिलं. डावा पाय थोडा आखूड आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा बुटात टाच उंच करून दिली. स्नायूंत जिथे गाठीसारखे दुखरे बिंदू होते तिथे प्रोकेनची इंजेक्शनं दिली. झुलती खुर्ची दिली. ती खुर्ची पुढे इतकी गाजली की अमेरिकेत झुलत्या खुर्च्यांची फॅशन आली. ट्रॅव्हेल व्हाइट हाउसच्या पहिल्या स्त्री-वैद्य झाल्या. पण १९५७ मध्ये पाठीतलं गळू कापण्यासाठी चौथी शस्त्रक्रिया झालीच, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मे १९६१ मध्ये ओटावाला समारंभात झाड लावताना फावड्यावर वाकले आणि कंबर पुन्हा गेली. जगातला सर्वांत बलाढ्य माणूस एका रोपट्यापुढे हरला. पुढच्याच महिन्यात व्हिएन्नात ख्रुश्चेव यांच्याशी बैठक. त्या बैठकीत ख्रुश्चेव यांनी त्यांना चांगलंच दामटलं, हे सर्वश्रुत आहे. त्या काळात मॅक्स जेकबसन नावाचा डॉक्टरही त्यांना उत्तेजकं मिसळलेली इंजेक्शनं टोचत होता. वेदनेने पिडलेला माणूस कोणाच्याही दारात जातो. आपल्याकडे हाडवैद्यापासून अंगाऱ्यापर्यंत तो सगळं करतो, आणि तिथे राष्ट्राध्यक्षानेही तेच केलं.

ट्रॅव्हेलबाईंची इंजेक्शनं दिवसातून दोनतीनदा होऊ लागली, तेव्हा नौदलाचे डॉक्टर ॲडमिरल बर्कली धास्तावले आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये हान्स क्राउस यांना बोलावण्यात आलं. मूळचे ऑस्ट्रियाचे, कडे चढणारे पट्टीचे गिर्यारोहक. त्यांनी पाहिलं की या माणसाचे पोटाचे आणि पाठीचे स्नायू पार दुबळे झाले आहेत. इतकी वर्षं सगळे मणका आणि गादी पाहत होते. मणक्याला धरून ठेवणारे दोर कोणी पाहिले नव्हते. यातली गंमत अशी की याच क्राउस यांनी १९५० च्या दशकात अमेरिकी मुलांच्या स्नायूंची चाचणी घेऊन ती मुलं युरोपातल्या मुलांपेक्षा कमकुवत असल्याचं दाखवलं होतं, आणि त्याच निष्कर्षांच्या आधारे केनेडींनी डिसेंबर १९६० मध्ये अमेरिकनांच्या मऊपणावर लेख लिहिला होता.

व्हाइट हाउसच्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या छोट्या व्यायामशाळेत आठवड्यातून तीनदा व्यायाम सुरू झाला. साधाच. श्वास, सैल सोडणं, हळूहळू ताणणं, मग ताकद. काही महिन्यांत ते मुलांना उचलून घेऊ लागले. चार शस्त्रक्रियांनी, शेकडो सुयांनी जे झालं नाही ते जमिनीवर अंथरलेल्या चटईवर होऊ लागलं. शल्यवैद्यांना यातून कमी लेखण्याचं कारण नाही. ज्याचा तंतू खरोखर दाबला गेला आहे त्याला शस्त्रक्रिया मोकळं करते, आणि आज ती केनेडींच्या काळापेक्षा कितीतरी सुरक्षित झाली आहे. प्रश्न कोणावर करायची हा असतो.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. कमरेचा पट्टा. ताठ उभं राहण्याची, ताठ दिसण्याची ती सवय होती. क्राउस यांना तो सोडवायचा होता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसला उघड्या गाडीतून जाताना केनेडींनी तो बांधला होता, आणि त्यावरून मांड्यांपर्यंत लवचीक पट्टी गुंडाळून घेतली होती. पहिली गोळी मानेतून आरपार गेली. तिने माणूस कदाचित वाचला असता, आणि पट्टा नसता तर तो पुढे कोसळून दुसऱ्या गोळीच्या रेषेतून बाहेर गेला असता, असं काही अभ्यासकांना वाटतं. पेट आणि डाउडी यांनीही ही शक्यता मांडली आहे. ती सिद्ध होण्यासारखी नाही. दिसतं ते एवढंच, की गोळी लागल्यावरही ते काही क्षण ताठ बसून राहिले.

जॅकलीनबाईंच्या मृत्यूनंतर १९९६ साली न्यूयॉर्कला त्यांच्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. त्यात केनेडींची एक झुलती खुर्ची चार लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. पट्टा त्या दिवशी अंगावर असलेल्या कपड्यांबरोबर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेला आहे.